पांढरीपांडेचे मासे

श्रीकांत पांढरीपांडेने जन्मात कधी मासा तोंडात घातला नाही, आणि तरी आमच्या ओळखीतल्या सगळ्या मराठी माणसांत मासे त्यालाच सगळ्यांत जास्त कळत. माझं सगळं दुखणं या एका वाक्यात आलं. मी वेंगुर्ल्याचा. दात आले तेव्हापासून बांगड्याचे काटे काढतो आहे. अमेरिकेत रेडमंडला आल्यावर पुण्या-मुंबईच्या मंडळींत मला जो काही मान होता तो तेवढ्यापुरताच. कुणाला सुरमई आणायची असली की मला फोन यायचा, कल्ले कसे बघायचे, तुकडे कुठून घ्यायचे. अशा आमच्या सुखाच्या संसारात २००२ साली हा नागपूरचा माणूस आला, आणि आला तो नऊ फुटी काठी घेऊन.

आम्ही एकाच टीममध्ये होतो, वयही सारखंच, चाळिशीच्या आसपासचं. श्रीकांत उंच, पाठीत थोडा वाकलेला, चालताना सतत खाली बघणारा. पार्किंग लॉटमध्ये पावसाचं पाणी वाहत असलं तर त्याच्याकडेही थांबून बघायचा. डोक्यावर एक मळकी टोपी, आणि टोपीच्या कडेला पिसांच्या चार-पाच नकली माश्या टोचलेल्या. त्याची मासेमारी या माश्यांवर चाले. गांडूळ नाही, कणीक नाही. कोंबड्याचं पीस आणि हरणाचे केस दोऱ्याने गळावर असे बांधायचे की पाण्यावर माशी बसल्यासारखं दिसावं, मग काठी मागे-पुढे हलवत लांबलचक दोर हवेत खेळवायचा आणि ती माशी अलगद नदीवर उतरवायची. नदीतला ट्राउट मासा फसला तर फसला. फसलेला ट्राउट हा बुवा परत पाण्यात सोडून देई. वेंगुर्ल्यात हे कुणाला सांगितलं असतं तर माझ्या डोक्यावर परिणाम झाला असं लोकांना वाटलं असतं.

जेवणाच्या सुट्टीत तो मागच्या लॉनवर दोर फेकायचा सराव करी. गळाच्या जागी लाल लोकरीचा तुकडा. रिमझिम पाऊस असला तरी. मी वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून सँडविच खात बघत असे. दोर त्याच्या डोक्यामागे पूर्ण उलगडायचा, क्षणभर थांबायचा आणि मग पुढे जायचा. तो दोर बघत राहावासा वाटे, आणि आपल्याला बघत राहावंसं वाटतंय याचाच मला राग येई. आमचा अमेरिकन मॅनेजर तर त्याच्याकडे रविवारी माश्या बांधायला शिकायला जाऊ लागला. मी तीन वर्षं शनिवार-रविवार कोड लिहीत होतो, मला त्या मॅनेजरने कधी घरी बोलावलं नव्हतं.

माश्या बांधायच्या त्या गॅरेजमध्ये. पिसं घरात आणायची नाहीत, असा त्याच्या बायकोचा, अरुंधतीचा, नियम होता. गाडीच्या बाजूला एक टेबल, वर दिवा, आणि छोट्या पिशव्यांतून कोंबड्यांच्या मानेची पिसांसकट वाळवलेली कातडी. ज्या माणसाने आयुष्यात अंडं खाल्लं नाही तो ती कातडी बोटांनी उलटीसुलटी करून पीस निवडायचा. काम झालं की बाहेरच्या नळावर कोपरापर्यंत हात धुवायचा आणि मग घरात जाऊन वरण-भात जेवायचा. कुणीतरी एकदा विचारलं, शाकाहारी माणसाला हे चालतं कसं. तो म्हणाला, "मारतो कुठे बे मी? भेटतो अन् सोडतो."

आमच्याकडे एकदा सगळे जेवायला होते. मी सकाळपासून खपून सुरमईचं कालवण केलं होतं, कोकम घरून आलेलं, तिरफळं बाबांनी पाठवलेली. पहिला घास घेतल्यावर मंडळींनी वा-वा केली, तेवढीच. मग कुणीतरी श्रीकांतला नदीचं विचारलं आणि त्याने आपल्या ताटातली कोथिंबिरीची सांबारवडी खाता खाता सांगायला सुरुवात केली. ट्राउट मोठ्या दगडाच्या मागे कसा उभा राहतो, तिथे पाणी संथ असतं आणि शेजारून वाहत्या पाण्यातून खाणं आपोआप येतं, त्याला फक्त मान वळवावी लागते. हात हलवून तो माशाची मान दाखवत होता. लोकांचे घास हातात राहिले. कालवण गार झालं. जाताना प्रत्येकाने मला जेवण छान होतं म्हणून सांगितलं आणि त्याला, आम्हालाही एकदा ने म्हणून. भांडी घासताना माझी बायको मनीषा म्हणाली की किती छान सांगतो ना श्रीकांत. मी म्हटलं, मासा खाल्ला नाही म्हणून सुचतं एवढं बोलायला.

इथपर्यंत ही जळजळ साधी होती. असली असूया नोकरीच्या ठिकाणी सगळ्यांनाच असते, तिने कुणाचं काही बिघडत नाही. खरी सुरुवात झाली २००५ साली, बाबा आल्यावर.

आदल्या हिवाळ्यात आई गेली होती. बाबा बंदरावरच्या कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेले, आता घरात एकटे. जेवणखाण सोडल्यात जमा होतं. मे महिन्यात मी त्यांना घेऊन आलो. मला फार काही नको होतं. माझ्या घरात त्यांना बरं वाटावं आणि जाताना त्यांनी म्हणावं की पुढच्या वर्षी परत येतो, बस. त्यासाठी मी काय नाही केलं. रजा काढली, फेरीबोट दाखवली, बर्फाचा डोंगर दाखवला, एवढा मोठा धबधबा दाखवला. ते बघत, "बरां हा" म्हणत आणि गाडीत येऊन बसत. घरी सोफ्यावर खिडकीकडे तोंड करून असत. मी दर अर्ध्या तासाने विचारी, बाबा, काय हवं का, बरं वाटतंय ना, झोप लागली का, कुणाला फोन लावून देऊ का. इथला सॅमन मासा तळून वाढला तर म्हणाले, "ह्याका वासच नाय. कापूस खातंय असां वाटता."

जूनमधल्या एका शनिवारी सकाळी श्रीकांत आमची शिडी परत करायला आला. दारातून त्याला सोफ्यावरचे बाबा दिसले. त्याने ओळख करून घेतली नाही की प्रवास कसा झाला विचारलं नाही. नुसतं म्हणाला, "काका, नदीवर येता का?"

बाबा उठले आणि चपला शोधू लागले. दहा दिवस मी त्यांना कोपऱ्यावरच्या पोस्टबॉक्सपर्यंत चला म्हणून विनवत होतो.

संध्याकाळी परत आले ते गुडघ्यापर्यंत भिजून, उन्हाने नाक लाल झालेलं. जेवताना भात परत मागितला. मनीषाने माझ्याकडे आनंदाने बघितलं आणि मीही कसंबसं हसलो. दिवसभर काय बोललात म्हणून विचारलं तर बाबा म्हणाले, "काय नाय." सोमवारी ऑफिसात श्रीकांतला विचारलं, तोही म्हणाला, काही नाही बे. मला वाटलं, दोघं मिळून माझ्यापासून काहीतरी लपवताहेत. पुढच्या शनिवारी बाबा सातलाच बूट घालून दाराशी बसलेले. त्याच्या पुढच्याही शनिवारी. आईबद्दल ते माझ्याशी एक अक्षर बोलले नव्हते. त्याच्याशी बोलत असणार अशी माझी खात्री झाली आणि मला आठवडाभर दुसरं काही सुचेना.

चौथ्या शनिवारी मी एक काठी विकत घेतली आणि त्यांच्याबरोबर गेलो.

स्नोक्वाल्मी नदीचा मधला फाटा आमच्याकडून तासाभरावर. दोन्ही बाजूंना डोंगर, देवदाराची दाट झाडी, आणि हंड्याएवढाल्या दगडांमधून वितळलेल्या बर्फाचं हिरवट पाणी. काठावर पोचल्यावर श्रीकांतने आधी वाकून पाण्याला बोटं लावली आणि ती कपाळाला लावली. मग बाबांसाठी घडीची खुर्ची मांडली, तिचे पाय वाळूत नीट बसलेत का ते दाबून बघितलं. मग पाण्यातला एक दगड उचलून उलटा केला आणि बाबांपुढे धरला. दगडाच्या पोटाला बारीक खडे चिकटवून केलेली इवली नळकांडी होती, आत किडे. बाबांनी चष्मा वर करून बराच वेळ ती बघितली. श्रीकांतने दगड होता तसा, त्याच जागी ठेवला.

त्याने तासाभरात तीन मासे धरले. मासा जवळ आला की तो आधी हात पाण्यात भिजवी, मगच त्याला हात लावी. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग मासा नंतर कुठेतरी मरतो, म्हणे. गळाचा उलटा काटा त्याने पकडीने आधीच चेपून टाकलेला असे, त्यामुळे गळ हलकेच निघून येई. मग मासा प्रवाहाकडे तोंड करून ओंजळीत धरायचा, तो स्वतः जाईपर्यंत. घाई नाही. बाबा हे सगळं पुढे वाकून बघत होते. मला म्हणाले, "तो मासे खाणा नाय, पण माशाक वळाखता." आणि वर, "तू नुसतो खातंस."

काठी घेऊन खालच्या अंगाला गेलो. माझा दोर दोनदा झाडात, एकदा माझ्याच टोपीत अडकला. लांबून ते दोघं दिसत होते. श्रीकांत बाबांच्या खुर्चीजवळ दगडावर बसला होता, आणि मला वाटलं, बाबांचे ओठ हलताहेत.

अशात मी गुंता सोडवत असताना माझी माशी आपली आपण पाण्यात वाहत गेली आणि तिला ट्राउट लागला. वीतभर लांब, अंगावर ठिपके, कुशीला गुलाबी पट्टा. माझ्या कर्तृत्वाचा त्यात काही भाग नव्हता. या पाण्यात मासा ठेवायचा नाही, सोडायचा, हे पार्किंगमधल्या पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं आणि मी ते वाचलं होतं. पण माझ्या डोक्यात एकच आलं. हा माणूस बाबांना मासे दाखवतो आणि सोडून देतो. मी खाऊ घालीन. नदीतला ताजा मासा, तिरफळं घातलेला, आई करायची तसा. मग बघू कुणाचा शनिवार मोठा ते. मी तो दगडावर आपटला आणि वर गाडीपाशी जाऊन कूलरमध्ये टाकला.

तो कूलर श्रीकांतचा होता. त्यात अरुंधतीने दिलेले पोळ्या, बेसन आणि दहीभाताचे डबे होते. त्यांच्या घरात मासा कधी शिरला नव्हता. मी तो दहीभाताच्या डब्यावर ठेवला आणि वरून बर्फ ओढला. त्या वेळी मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

दुपारी आम्ही गाडीशी आलो तेव्हा वन्यजीव खात्याची एक अधिकारी बाई पार्किंगमध्ये गाड्या तपासत होती. ती श्रीकांतला ओळखत असे, हसून बोलली. मग नेहमीप्रमाणे विचारलं, कूलर कुणाचा. श्रीकांत म्हणाला, माझा, आणि झाकण उघडून बाजूला झाला. तिने बर्फ सारला.

श्रीकांतने माशाकडे बघितलं, मग दहीभाताच्या डब्याकडे, मग माझ्याकडे. मला बोलायचं होतं. पण मी व्हिसावर होतो, ग्रीनकार्डचा अर्ज चार वर्षं अडकलेला होता, आणि कायद्याचा कागद आपल्या नावावर येणार या भीतीने मी गाडीच्या चाकाकडे बघू लागलो. एवढ्यात श्रीकांत इंग्रजीत म्हणाला की मासा त्याचा आहे. बाईने दोनदा विचारलं. त्याने दोनदा तेच सांगितलं. तिने दंडाची चिठ्ठी फाडून दिली. तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती असं म्हणाली, आणि तो शाळेतल्या मुलासारखा मान खाली घालून ऐकून घेत होता. बाबा पुढच्या सीटवर बसलेले. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण ते सगळं बघत होते.

परतीच्या वाटेवर मी मागच्या सीटवर बसून होतो. मग श्रीकांतने आरशातून माझ्याकडे बघून विचारलं, "मसाला कोणता घालणार होता बे?" त्याला मला मोकळं करायचं होतं. त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर मी त्याला माफ केलं असतं.

घरी आल्यावर बाबांनी स्वयंपाकघरात मला गाठलं. आवाज चढवला नाही. म्हणाले, "तुझ्या जाग्यार तो उभो रवलो. तू खंय होतंस?"

अरुंधतीने तो कूलर आतल्या डब्यांसकट टाकून दिला, हे मला मनीषाकडून कळलं. सोमवारी मी श्रीकांतच्या टेबलाशी गेलो, सॉरी म्हणायला. तोंडातून शब्द फुटायच्या आत तो "सोड ना बे" म्हणाला आणि नवी बांधलेली माशी दाखवू लागला. मी ती चांगली आहे म्हटलं आणि परत आलो. सॉरी राहूनच गेलं. घरी मी मनीषाला म्हणालो, याला मोठेपणाची हौस आहे.

त्या उन्हाळ्यात उरलेल्या शनिवारी श्रीकांतने काठी गाडीतून काढलीच नाही. चिठ्ठीत तसं काही लिहिलेलं नव्हतं, त्याने स्वतःच ठरवलं. बाबांना मात्र नेत राहिला. दोघं सकाळी जायचे, दगड उलटे करून बघायचे, दहीभात खायचे आणि यायचे. मी घरी लॉन कापत असे आणि घड्याळ बघत असे.

सप्टेंबरात बाबा परत निघाले. श्रीकांत एअरपोर्टवर आला होता. मी सामानाची ट्रॉली धरून मागे उभा होतो. बाबांनी त्याचा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाले, "पुढल्या वर्साक येतंय." ज्या वाक्यासाठी मी पाच महिने जिवाचं रान केलं, ते त्यांनी त्याला दिलं. मला म्हणाले, सांभाळून रव.

पुढल्या वर्षी डॉक्टरांनी विमानाची परवानगी दिली नाही. २००७ च्या फेब्रुवारीत बाबा झोपेत गेले. मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. दिवसकार्य करून परत आलो, दुसऱ्याच दिवशी कामावर गेलो. डोळ्यांतून पाणी आलं नाही, येईल येईल म्हणून वाट बघितली. त्या शनिवारी श्रीकांत घरी आला. सोफ्यावर बसला, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि हुंदके देऊन रडू लागला. चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा दांडगा माणूस, नाक पुसायला रुमाल सापडत नव्हता. मनीषाही रडली. मी पाण्याचा ग्लास घेऊन उभा होतो आणि मला त्याच्या रडण्याचासुद्धा हेवा वाटला. वडील माझे होते.

जुलैत कळलं की त्याने आयडाहोत नोकरी घेतली आहे, ऑगस्टच्या सुरुवातीला तो जाणार. पगार इथल्याहून कमी, पण नदी घरामागेच. जायच्या आदल्या शनिवारी म्हणाला, चल एकदा. मी गेलो. का गेलो ते मला ठाऊक होतं. दोन वर्षं एक प्रश्न पोटात घेऊन हिंडत होतो.

काठावर दोघंच होतो. तो माशीच्या बारीक नेढ्यातून दोरा ओवत होता. मी विचारलं, "बाबा तुझ्याशी काय बोलायचे रे?"

"काही नाही बे."

"आता तरी सांग. आता ते नाहीत."

त्याचे हात थांबले. माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे, त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "खरंच काही नाही," तो म्हणाला. "यायचे, खुर्चीत बसायचे. चार-चार तास एक शब्द नाही. मला वाटलं, काकांना करमत नसेल. एकदा विचारलं, परत जायचं का? तर म्हणाले..." आणि त्याने बाबांचे शब्द जसेच्या तसे, नागपुरी हेल काढून सांगितले, "घराकडे बोलूचा लागता. हय बरां."

एवढं सांगून तो पुन्हा दोरा ओवू लागला. आपण काय सांगितलं ते त्याला कळलं नसावं. दोरा ओवला गेला, गाठ मारून झाली, गाठीला थुंकी लावून त्याने ती ओढून बघितली, आणि येतो म्हणून पाण्यात उतरला.

मी काठावर बसलो. काय हवं का, बरं वाटतंय ना, झोप लागली का, कुणाला फोन लावून देऊ का. पाच महिने, दर अर्ध्या तासाने. आणि हा माणूस त्यांना नुसता बसू देत होता. ज्या गप्पांसाठी मी दोन वर्षं जळत होतो त्या कधी झाल्याच नव्हत्या. मला हलकं वाटायला हवं होतं. पण आता मला त्या दोघांच्या गप्प बसण्याचा हेवा वाटू लागला, आणि तो आधीच्या सगळ्या हेव्यांपेक्षा जास्त टोचला.

श्रीकांत मांडीएवढ्या पाण्यातून वरच्या अंगाला चालला होता. दर पावलाला आधी पायाने तळ चाचपायचा, मग भार टाकायचा. मला त्याला बरंच सांगायचं होतं, माशाचं, त्या चिठ्ठीचं, सगळंच. वळणापाशी त्याने दोर मागे घेतला, तो हवेत सरळ झाला, आणि मग दगडांमुळे श्रीकांत दिसेनासा झाला. त्यानंतर मी त्याला नदीवर कधी पाहिलं नाही. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मी मारली नाही. तासभर तोंड मिटून पाण्याकडे बघत बसलो. बाबा असते तर त्या दिवशी माझ्याजवळही बसले असते.